प्रत्येक घरात एक बुडालेला काका असतो

आमच्या घरात धंद्याचा विषय निघाला की अण्णाकाका निघायचेच. १९८७ साली काकांनी कंपनीतली स्टोअरकीपरची नोकरी सोडली आणि परळला एक गाळा भाड्याने घेऊन झेरॉक्सचं मशीन टाकलं. मशीन हप्त्यावर, डिपॉझिटला आजोबांच्या फंडातले पैसे आणि तेही कमी पडले तेव्हा काकूच्या पाटल्या सोनाराकडे. सव्वादोन वर्षांत शटर खाली आलं. पुढची तीस वर्षं आमच्यात कोणी नोकरी सोडायचं नुसतं बोललं तरी एकच प्रश्न यायचा, "अण्णासारखं करायचंय का?" विचारणाऱ्याला उत्तर नको असायचं, विषय मिटवायचा असायचा.

हे फक्त आमच्याकडचं असं मला वाटायचं. मग १९९० साली मी बँकेत लागले. (नोकरीला माणूस लागतो आणि धंद्यात पडतो. भाषेने निकाल आधीच देऊन ठेवलाय.) तीस वर्षांच्या नोकरीतली अकरा वर्षं मी कर्जाच्या टेबलावर काढली, आधी दादरला, मग मुलुंडला, शेवटी डोंबिवलीला. समोर बसलेला मराठी अर्जदार दहा मिनिटांनी जरा सैलावला की त्याच्या बोलण्यात कुठूनतरी काका यायचेच. कोणाच्या मामाच्या कोंबड्या एका पावसाळ्यात मेलेल्या, कोणाच्या वडिलांचा टेम्पो फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेला, कोणाच्या आत्याच्या यजमानांनी भागीदारावर विश्वास ठेवलेला. नावं आणि गावं बदलायची, काका तोच.

मराठी माणूस धंदा का करत नाही, या विषयावर मुंबईत दर दोन-तीन महिन्यांनी एखादं सभागृह भरतं. उत्तर ठरलेलं असतं, 'मानसिकता'. नोकरीची मानसिकता सोडा, मोठी स्वप्नं पाहा, कम्फर्ट झोनमधून बाहेर या. निवृत्तीनंतर मीही अशा पाच-सहा कार्यक्रमांना जाऊन आले. दर वेळी बाहेर पडताना हाच विचार मनात यायचा की हे लोक चुकीच्या माणसाला स्टेजवर बसवतायत. आपल्या पोरांनी यशस्वी उद्योजक ढिगाने पाहिलेत. बुडालेला आणि बुडूनही ज्याचं पुढे बरं चाललं असा माणूस त्यांनी जवळून पाहिलेला नाही. माझ्या मते धंद्याचा इरादा मनात धरतो की गळून पडतो, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

माणूस धंदा करायचं का आणि कसं ठरवतो, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. सगळ्यांत जास्त वापरली जाते ती मानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी १९९१ साली मांडलेली चौकट. तिच्यात इरादा तीन गोष्टींतून घडतो. ते काम मला स्वतःला कसं वाटतं, माझ्या जवळच्या माणसांना ते कसं वाटतं आणि ते मला जमेल असा माझा मला भरवसा आहे का. गंमत अशी की उद्योजकतेवरच्या अनेक पाहण्यांत यातला मधला घटक, म्हणजे जवळच्यांचं मत, सगळ्यांत लंगडा निघतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दोन खोल्यांत सहा माणसांत वाढलेल्या कोणालाही हे सांगून बघा!

पण थोडा विचार केला की कारण दिसतं. या पाहण्यांचे फॉर्म बहुधा कॉलेजातली मुलं भरतात आणि "लोक काय म्हणतील याची तू पर्वा करतोस का" असं विचारल्यावर विशीतला मुलगा नाही असंच लिहिणार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. स्पेन आणि तैवानमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जवळच्यांचं मत इराद्यावर थेट येऊन बसत नाही, ते उरलेल्या दोन गोष्टींच्या आडून येतं. आपल्याकडे हेच रोज घडतं. आई "धंदा करू नकोस" असं म्हणत नाही. आई म्हणते, "तुला उधारी मागता येईल का रे? तू तर रिक्षावाल्याकडे उरलेले दहा रुपये मागायला लाजतोस." झालं. आईचं मत मुलाच्या आत्मविश्वासाच्या रकान्यात जमा झालं आणि फॉर्म भरताना मुलगा प्रामाणिकपणे लिहितो की घरचा विरोध नाही, मलाच जमेल असं वाटत नाही.

हा भरवसा येतो कुठून, यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली जे लिहिलं ते मला आजही पटतं. त्यांनी चार झरे सांगितले. स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कोणीतरी समजावून धीर देणं आणि छातीतली धडधड, हातापायांना सुटणारा घाम. पहिला झरा सगळ्यांत जोरकस, आणि धीर देण्याच्या बोलण्याचा परिणाम कच्चा, प्रत्यक्ष फटका बसला की उडून जाणारा. आपले मेळावे सगळी ताकद नेमकी तिथे लावतात. दुसऱ्या झऱ्यातला 'आपल्यासारख्या' हा शब्दही सोडून देण्यासारखा नाही. दोनशे कोटींची उलाढाल करणारा माणूस "मी खिशात शंभर रुपये घेऊन मुंबईत उतरलो" म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात. पण तिसऱ्या महिन्याचं भाडं कुठून दिलं, बायकोच्या माहेरून किती आले, पहिला प्रयत्न फसला तेव्हा जेवायला कोणाकडे होता, हे तो सांगत नाही. ऐकणाऱ्या पोराला हवं असतं तेवढंच नेमकं गाळलेलं असतं. त्यामुळे तो माणूस त्याला आपल्यासारखा वाटतच नाही. आपल्यासारखे त्याला वाटतात ते अण्णाकाका.

प्रशिक्षणाने काहीच होत नाही असंही मी म्हणत नाही. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाडा इथल्या लोकांना हैदराबादला नेऊन जिद्द आणि कर्तृत्वाची प्रेरणा यांवर छोटे वर्ग घेतले. नंतर पाहिलं तर शिकून गेलेले लोक धंदा वाढवण्यात इतरांपेक्षा पुढे होते. प्रेरणा शिकवता येते याचा दाखला म्हणून हा प्रयोग आजही सांगितला जातो. सांगताना एक गोष्ट मात्र मागे पडते. त्या वर्गांत बसलेले बहुतेक जण आधीपासूनच व्यापारी आणि छोटे कारखानदार होते. ज्याच्या पायाखाली दुकान आहे त्याला "उडी मार" म्हणणं वेगळं, आणि ज्याच्या पायाखाली वडिलांची भाड्याची खोली आहे त्याला म्हणणं वेगळं.

मुंबईत हा फरक बघायला लांब जायला नको. दादर-परळच्या कुठल्याही गल्लीतलं किराणा दुकान बघा. बहुधा कच्छी असतं. गावाकडून आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे पुड्या बांधतो, वर माळ्यावर झोपतो, मालकाच्या घरी जेवतो. पाच-सात वर्षांत त्याला कळतं की तूरडाळीत किती सुटतात, कोणाला उधार द्यायचं, कोणाला हसून टाळायचं. मग एखादा नातेवाईक त्याला दुकान लावून देतो, पैसे रोख न देता माल भरून देतो. चाललं तर चाललं. नाही चाललं तर दुकान दुसऱ्याकडे जातं आणि तो परत कोणाच्या तरी गल्ल्यावर बसतो, दोन वर्षांनी पुन्हा प्रयत्न करायला. लग्नाच्या बाजारात त्याची किंमत थोडी उतरते, संपत नाही. त्याच्या रक्तात काही वेगळं आहे म्हणून हे घडत नाही. त्याने पडलेली माणसं उठताना पाहिलीत, आणि ती कोणाचा हात धरून उठली हेही पाहिलंय. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांची गोष्टही यापेक्षा वेगळी नाही. आधी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोऱ्या म्हणून उमेदवारी, मग स्वतःचा तवा.

आपण काय केलं? आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हमखास येतं, आणि यायलाच हवं. पण ती गोष्ट नीट वाचा. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. मध्ये आलेला मुलगा रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती सोडतो. यंत्रांची चित्रं काढायला शिकतो आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक होतो. बढतीच्या वेळी त्याला डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली जाते आणि तो नोकरी सोडून बेळगावला जातो. मात्र तो रिकाम्या हवेत जात नाही. मुंबईहून तो भावाला सायकली पाठवत होता, बेळगावात सायकलींचं दुकान चालू होतं. किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ पासून मोजतो ती या दुकानापासूनच. पुढे लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळेना, बेळगावची जागा रिकामी करावी लागली. तिथे कोणाचाही अण्णाकाका झाला असता. पण औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण यातली जिद्द तेवढी मुलांना सांगतो. भाऊ, सायकलींचं दुकान आणि औंधचे राजे यांना गाळतो.

उद्योजकतेचे अभ्यासक अल्बर्ट शापेरो यांनी १९७५ साली धंदा सुरू करणाऱ्या माणसाला उखडलेला, बेचैन माणूस म्हटलं होतं. आयुष्याची घडी विस्कटली की माणूस त्या बाजूला सरकतो, असा त्यांचा मुद्दा. डावलली गेलेली बढती हा तसाच धक्का. पण गिरणगावाने याहून केवढा तरी मोठा धक्का पाहिला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. शापेरोंचा नियम एकटा पुरेसा असता तर लालबाग-परळ आज कारखानदारांनी भरून गेलं असतं. प्रत्यक्षात कोणी भाजी विकली, कोणी वॉचमनकी धरली, कोणी गाव गाठलं. बढती नाकारलेल्या मास्तरांना मागे दुकान होतं, गिरणीवाल्याला नव्हतं. आणि त्या काळात ज्यांनी फुटपाथवर वडे तळले त्यांच्या मुलांना पुढे त्या कढईचा अभिमान कोणी शिकवला नाही. "माझा बाप गिरणीत होता" हे ताठ मानेने सांगणारी माणसं मला भेटली. "संपानंतर बाबांनी आठ वर्षं गाडी लावली" हे कर्जाच्या टेबलावर आवाज खाली आणून सांगितलं जायचं, आणि अर्जातला 'धंद्याचा पूर्वानुभव' हा रकाना कोरा असायचा.

या रकान्याबद्दल मला अजून बोलायचंय, कारण मुळात 'मराठी माणूस धंदा करत नाही' हे वाक्यच मला मान्य नाही. ससून डॉकवर पहाटे लिलावात उभी राहणारी कोळीण बघा. माल नासका, भाव तासातासाला बदलणारा, बर्फाचा खर्च अंगावर, संध्याकाळी उरलेलं फेकायचं की सुकवायचं हा निर्णय तिचा तिनेच घ्यायचा. व्यवस्थापनाच्या वर्गात ज्याला जोखीम म्हणतात ती ही बाई पाटीत घेऊन लोकलच्या डब्यात चढते. १८९० पासून चाललेले डबेवाले घ्या. आपण त्यांच्या वेळ पाळण्याचं कौतुक करतो. पण ते कोणाचे पगारी नोकर नाहीत, आपापल्या गटाच्या धंद्यातले भागीदार आहेत, हे किती जणांना ठाऊक असतं? आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया. एका खोलीत चूल, वीस-वीस गिरणी कामगारांची दोन वेळची जेवणं, पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोपर्यंत कोणाच्याही हिशेबी त्या 'उद्योग' करत नव्हत्या. त्या फक्त जेवण घालत होत्या.

२०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात दिसतात. यात शेतकरी आले, घरच्या दुकानात बिनपगारी राबणारेही आले. तेव्हा धंदा करणाऱ्यांचा तुटवडा हा आपला प्रश्न नव्हे. नोकरी मिळत नाही म्हणून धंद्यात आलेले लाखो आहेत. नोकरी मिळू शकत असताना धंदा निवडणारे थोडे, आणि मराठी मध्यमवर्गात तर फारच थोडे. इराद्याबद्दल बोलायचं ते या दुसऱ्या लोकांबद्दल.

आणि इथे राजकारणाचा वाटा सांगायलाच हवा. १९६६ नंतर मुंबईत मराठी माणसाच्या हक्काची जी भाषा घडली तिचा गाभा नोकरी हा होता. कंपन्यांत ऐंशी टक्के मराठी हवेत, बँकांत, विमा कंपन्यांत, विमानतळावर मराठी हवेत. माझ्यासारख्या कित्येक जणींना त्याचा फायदा झाला हे नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. अन्याय होता आणि त्याविरुद्ध उभं राहणं बरोबर होतं. पण त्या लढ्याने एक पिढी अशी घडवली की सन्मान म्हणजे मस्टरवर नाव. पुढे धंद्याकडे वळण्याची भाषा आली तेव्हाही ती नोकरीच्याच साच्यातून आली. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. नेमणूकपत्र द्यावं तशी पोरांना जागा दिली. वर्षभर कोणाच्या तरी भटारखान्यात उमेदवारी करा, मग गाडी घ्या, असं कोणी सांगितलं नाही. कित्येक ठिकाणी पुढे झुणका गेला, इडली-सँडविच आलं आणि तवा दुसऱ्याच्याच हातात दिसू लागला. त्या पोरांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

आता ज्या माणसाला खरोखर करायचंय त्याचा हिशेब बघा. गुमास्ता लायसन्स, जीएसटी, खाण्याचं असेल तर आणखी परवाना, हे सगळं आज मोबाइलवर होतं, आणि त्याबद्दलची रडगाणी मला फारशी पटत नाहीत. खरी अडचण जागेची आणि तारणाची. जुन्या चाळीतली पागडीची खोली बाजारात लाखोंची असते, पण खोलीवाला तिचा मालक नसतो, म्हणून बँकेला ती तारण चालत नाही. तीन पिढ्या मुंबईत राहिलेल्या घराकडे बँकेला दाखवायला भिंतसुद्धा नसते. २०१५ साली मुद्रा योजना आली, बिनतारणाची. तिच्या सगळ्यांत खालच्या, शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. टेबलापलीकडच्या माणसाला मी हे सांगायचे तेव्हा तो विनयाने ऐकून घ्यायचा. मुंबईत ५० हजारांत गाळ्याचं डिपॉझिटसुद्धा होत नाही.

म्हणून मला शेवटच्या काही वर्षांत भेटलेल्या सगळ्यांत शहाण्या उद्योजक म्हणजे डोंबिवली-ठाण्याच्या घरगुती केकवाल्या, पुरणपोळीवाल्या, दिवाळीत फराळ परदेशी पाठवणाऱ्या बायका. घरचा ओटा, घरचा गॅस, गिऱ्हाईक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं. नवऱ्याचा पगार चालू, त्यामुळे एखादा महिना कोरडा गेला तरी मुलांची फी थांबत नाही. पडल्या तर सोफ्यावर पडतात, आणि म्हणून त्या बिनधास्त प्रयोग करतात. आज ज्वारीची बिस्किटं, उद्या मोदकांचा केक (हा पदार्थ मला मान्य नाही, पण खपतो). घरची माणसं याला "तिचा टाइमपास" म्हणतात. मी तर म्हणते की मराठी घरात इरादा रुजण्याची जी एक खात्रीची जागा सापडली आहे ती हीच, आणि ती बघून पुरुषांनी शिकावं. नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवारी सुरुवात करणाऱ्याला आपण "धड ना इकडचा ना तिकडचा" म्हणतो. नोकरी सोडून उडी मारणाऱ्यापेक्षा मला तो जास्त हुशार वाटतो.

फ्रान्समध्ये २००२ साली बेरोजगारी भत्त्याचे नियम बदलले. भत्ता घेणाऱ्याने धंदा सुरू केला तरी त्याचं संरक्षण लगेच संपणार नाही आणि धंदा फसला तर भत्त्याचा हक्क परत मिळेल, असं ठरलं. नवे धंदे सुरू होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं. आणि हे धंदे लगेच बुडणारे, कमअस्सल निघाले नाहीत. लोकांची 'मानसिकता' कोणी बदलली नव्हती. पडण्याची जागा थोडी मऊ केली होती. आपल्याकडे असा सरसकट भत्ताच नाही. पण मोठ्या मालकांना, महापालिकेला, बँकांना आपल्या माणसाला दोन वर्षं बिनपगारी रजा देऊन परत यायची जागा राखून ठेवता येणार नाही असं थोडंच आहे? माझ्या ओळखीतल्या किमान चार जणांनी त्या एका कागदावर नोकरीबाहेर पाऊल टाकलं असतं.

आणि कायदा? दिवाळखोरीचा नवा कायदा २०१६ साली आला. त्यात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी वेगळा भाग आहे, पण २०१९ साली तो लागू केला गेला फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. परळला एकट्याच्या नावावर दुकान चालवणारा माणूस बुडाला तर त्याच्यासाठी मुंबईत अजून १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरांचा कायदा आहे. मोठी कंपनी बुडाली की वकील, सल्लागार, ठराविक मुदत. छोटा माणूस बुडाला की वसुलीवाल्याचे फोन, जामीन राहिलेल्या मेहुण्याशी अबोला आणि "दिवाळं वाजलं" हा शब्दप्रयोग. वाजलंच म्हणतात, म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जायला हवं.

माझाही यात हात आहे. मुलुंडला असताना एक पंचविशीतला मुलगा फ्रीज-एसी दुरुस्तीच्या दुकानासाठी आला होता. हातात कसब होतं, चार वर्षं दुसऱ्याकडे काम केलेलं. मी विचारलं, "घरात कोणी धंद्यात आहे का?" तो म्हणाला, "वडील होते. बंद पडला." मी फाइलवर जो शेरा मारला त्यात हे वाक्य होतं, आणि ते त्याच्या विरुद्ध होतं. आज वाटतं की बुडणं काय असतं हे आतून माहीत असलेला, आणि तरीही अर्ज घेऊन आलेला तो त्या महिन्यातला एकमेव माणूस होता.

त्यानंतर कधीतरी मी अण्णाकाकांची गोष्ट पहिल्यांदा नीट विचारली. घरात सांगितली जायची तिच्यापेक्षा ती बरीच वेगळी निघाली. मशीन सारखं बंद पडायचं आणि दुरुस्तीवाला आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. जवळचं एक कार्यालय काम द्यायचं, पण बिलं सात-सात महिने अडकवून ठेवायचं. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचा कायदा खूप नंतरचा, २००६ चा. काकांनी दुकान बंद केलं, पुन्हा नोकरी धरली आणि चार वर्षांत पै-पै फेडली. काकूच्या पाटल्या १९९४ च्या दिवाळीत परत आल्या. पुढे काकूने डबे सुरू केले. चाळीस डबे, पंधरा वर्षं. काका सकाळी ऑफिसला जाण्याआधी स्कूटरवर भाजी आणायचे आणि रात्री हिशेब लिहायचे. चुलतभावाचं इंजिनिअरिंग त्या डब्यांवर झालं. घरातल्या कोणीही, अगदी काकांनीही, या पंधरा वर्षांना कधी धंदा म्हटलं नाही.

काका आता ८१ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा मी विचारलं, "काका, परत संधी मिळाली तर टाकाल का मशीन?" मला वाटलं हात झटकतील. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"गाळा समोरच्या फुटपाथला घ्यायला हवा होता," ते म्हणाले. "स्टेशनवरून येणारा माणूस दोन कॉप्यांसाठी रस्ता ओलांडत नाही गं."